दोघींची पिकअप

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. पण 'जुनी' म्हणताना मला जरा अडखळायलाच होतं. वयानं म्हणाल तर मी खरंच जुनी आहे. माझ्याबरोबर जन्मलेल्या गाड्या कधीच भंगारात गेल्या, काहींचे पत्रे वितळून त्यांची भांडीकुंडीही झाली असतील. पण माझे टायर पाहा. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते माझ्या टायरवर अजून तसेच आहेत. माझ्या मागच्या हौद्यात आजवर एक पोतंसुद्धा पडलेलं नाही. माझ्या काचेला कधी चिखल लागला नाही. तुम्ही म्हणाल, काय नशीबवान गाडी! थांबा, आधी माझी हकिगत ऐका.

माझ्या जन्माआधीच्या काळात पिकअप म्हणजे चार चाकांवरचा पत्र्याचा डबा होता. गिऱ्हाईक यायचं, इंजिन बघायचं, हौदा किती माल पेलतो ते विचारायचं आणि घेऊन जायचं. आत बसणाऱ्याच्या पाठीचं काय होतं, हे कोणी विचारत नसे. मग एका कंपनीनं दाराला आतून कापड लावलं. ते पाहून दुसरीनं सीटला जाड फोम घातला. पहिलीनं बाटली ठेवायला जागा केली, तर दुसरीनं दोन केल्या. एकीनं गाणी लावायची सोय केली, तेव्हा दुसरीनं समोर चक्क टीव्हीसारखा पडदा बसवला. दोन शेजारणींनी एकमेकींचे पडदे बघून घर सजवावं, तशी ही चढाओढ सुरू झाली. अशा ऐन रंगात आलेल्या चढाओढीत माझा जन्म झाला.

माझं इंजिन कोणी घडवलं, ते मला ठाऊक नाही. पण माझं आतलं घर, म्हणजे ड्रायव्हर जिथे बसतो ती केबिन, जिनं घडवली ती मला पक्की आठवते. कारखान्यात मी सरकत्या पट्ट्यावरून शेवटच्या टोकाला आले, तेव्हा ती माझ्यात येऊन बसली. बारीक चणीची, भराभर बोलणारी बाई. ती केबिन विभागाची मुख्य होती. तिनं पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटले, दाराच्या कडेवर कोपर टेकवलं आणि स्वस्थ बसून राहिली. त्या कडेवर मऊ उशी होती, आणि उशीची शिवण आतल्या बाजूला वळवलेली होती, म्हणजे दिवसभर कोपर टेकलं तरी कातडं सोलवटू नये. ही शिवण महाग पडते म्हणून कारखान्यात तिची किती भांडणं झाली होती, ते मी कामगारांच्या बोलण्यातून ऐकलं होतं.

"बरोबर," ती डोळे उघडून म्हणाली. माझ्या दारावर दोनदा थोपटलं आणि उतरून गेली.

त्या एका शब्दानं मी किती हरखले, मित्रांनो! आता आपण रस्त्यावर जाणार. कोणाच्या विटा वाहू, कोणाच्या कांद्याची पोती, एखाद्याच्या घरचं सामान, वर उलटी बांधलेली खाट. आपल्या अंगावर धूळ बसेल. कोणीतरी आपल्याला एखादं लाडाचं नाव ठेवेल.

शोरूममध्ये मला फार दिवस थांबावं लागलं नाही. एक चष्मेवाले गृहस्थ आले. त्यांनी किंमत पाडून मागितली नाही. गाडी तेल किती खाते, हेही विचारलं नाही. विकणारा पोरगेला माणूस चक्रावूनच गेला. "काका, एक चक्कर तरी मारून बघा," तो म्हणाला. "नको. गुंडाळलेलं प्लास्टिक काढू नका," गृहस्थ म्हणाले. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण मी खुळी! वाटलं, काय जपणारा मालक मिळाला!

मला दुसऱ्या एका ट्रकवर चढवून नेलं. मी, जी स्वतः ओझं वाहायला जन्मले, ती ओझं होऊन निघाले. ट्रक एका मोठ्या फाटकातून आत शिरला आणि मी फाटकावरची पाटी वाचली. ती त्या दुसऱ्या कंपनीची पाटी होती. ज्या कंपनीला हरवण्यासाठी मला घडवलं, तिनंच मला विकत घेतलं होतं. चालवायला नव्हे. उघडून बघायला.

एका उजेडाच्या, धुतल्यासारख्या स्वच्छ शेडमध्ये मला उभं केलं. मग रोज माणसं येऊ लागली. कोणी पट्ट्या घेऊन माझ्या फटी मोजल्या. कोणी माझ्या सीटवर मुद्दाम चहा सांडला आणि डाग जातो का ते पाहिलं. एक जण तर नाक लावून माझं प्लास्टिक हुंगायचा आणि "ऊन लागलं की वास येईल" असं काहीबाही पुटपुटायचा. माझ्यावर इतके हात फिरले, पण त्यांतला एकही हात मला कुठे घेऊन जाणारा नव्हता. मला उघडायला एक मिस्त्री नेमले होते. पिकलेल्या मिशांचे, गप्पिष्ट. स्क्रू काढताना ते माझ्याशी बोलायचे. "बाई गं, तुला शिवलीय मात्र झकास," असं म्हणून त्यांनी मला कौतुकाची थाप दिली.

आणि एके दिवशी थोरली आली.

मी तिला थोरली म्हणते, ते पुढे सगळं कळलं म्हणून. तिथे तिला सगळे मॅडम म्हणत. या कंपनीच्या केबिन विभागाची ती मुख्य. उंच, शांत, तोलून-मापून बोलणारी. ती माझ्या सीटवर बसली, समोरचा पडदा पाहिला, खणाचं झाकण उघडून मिटलं. मग सहज म्हणून तिचं कोपर दारावर टेकलं, आणि ती एकदम दचकली. विस्तवाला हात लागावा तसं कोपर उचललं. मग हळूच पुन्हा टेकवलं. आतली शिवण बोटानं चाचपडली.

"काय झालं मॅडम?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही. या दाराचे स्क्रू अजून काढू नका."

त्या दिवसापासून ती रोज दुपारी आपला डबा घेऊन माझ्यात येऊन बसू लागली. खाली मोठं जेवणघर होतं, तिथे तिच्या मैत्रिणी होत्या. तरी ती इथे यायची. जेवून झालं की दारावर कोपर टेकवून समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

तिची हकिगत मला मिस्त्रींकडून कळली. ते एकदा चहा पिताना आपल्या जोडीदाराला सांगत होते. मॅडमचे वडील पिकअपचे ड्रायव्हर. आयुष्यभर दुसऱ्याचा माल वाहिला. त्यांच्या गाडीचं दार नुसत्या पत्र्याचं. उन्हात तापलं की कोपराला फोड यायचे. तेव्हा मॅडमच्या आईनं जुन्या चादरीची उशी शिवून दाराला बांधली होती, शिवण आत वळवून. या दोघी बहिणी सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर जायच्या, ड्रायव्हरच्या शेजारी मधल्या जागेत दाटीवाटीनं बसून. दोघी शिकल्या आणि दोघी याच कंपनीत लागल्या. मग धाकटीनं हट्ट धरला की दाराला तशी उशी हवीच. मोठे साहेब म्हणाले, परवडत नाही. धाकटीनं भर बैठकीत बहिणीकडे पाहिलं. थोरली खाली मान घालून गप्प बसली.

"त्याच महिन्यात धाकटी त्या कंपनीत गेली," मिस्त्री म्हणाले. "मॅडम म्हणे तिला बोलल्या, आईची आठवण विकायला चाललीस. तेव्हापासून एकमेकींचं तोंड बघितलं नाही. बापाकडे जातात, पण एक या रविवारी, तर दुसरी पुढच्या."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की मी कोणाच्या हातची आहे आणि कोणाच्या दारात येऊन पडले आहे.

इकडे या कंपनीची नवी गाडी तयार होत होती. तिच्यात भिंतीएवढा पडदा, लाकडासारखं दिसणारं चकचकीत प्लास्टिक, आणि दार मात्र दगडासारखं कडक. सगळा खर्च पडद्यावर झाला होता. गाडी पक्की करण्याआधी मोठे साहेब म्हणाले, "दोन्ही गाड्या एखाद्या जुन्या ड्रायव्हरला दाखवू. कोणतीत बसायला आवडतं, ते तोच सांगेल. कोण आहे का असा?"

"माझे वडील आहेत," थोरली म्हणाली.

म्हातारबाबा आले. काठी टेकत, पण इस्त्रीचा सदरा घालून. आम्हां दोघींना, म्हणजे मला आणि त्या नव्या गाडीला, आवारात शेजारी-शेजारी उभं केलं होतं. मिस्त्रींनी माझे काढलेले भाग तेवढ्यापुरते परत बसवले होते. कित्येक दिवसांनी माझ्यावर ऊन पडलं होतं. बाबा आधी नव्या गाडीत बसले. पडदा लागला, रंग उजळले.

"वा! यात सिनेमा लागतो का?" त्यांनी विचारलं.

सगळे हसले. साहेबही हसले.

मग बाबा माझ्यात आले. सीटवर बसले, पाय नीट घेतले आणि सवयीनं कोपर दारावर टेकवलं. बोलता-बोलता ते थांबले. त्यांनी खाली वाकून त्या उशीकडे पाहिलं. मग थोरलीकडे.

"हे आपल्या चिमणीनं केलंय," ते म्हणाले.

घरात धाकटीला चिमणी म्हणत. बाबा कोपर टेकवून तसेच बसले, आणि मला वाटलं, माझा जन्म एवढ्याचसाठी झाला असेल. मग त्यांनी उजव्या-डाव्या बाजूला पाहिलं. दोन सीटांच्या मध्ये माझा मोठा खोल खण होता. बाटल्या, फोन, कागद, सगळ्यांना वेगळा कप्पा. या खणावर दोन्ही कंपन्यांनी फार डोकं खर्चलं होतं.

"हे काय इथे?"

"बाबा, सामान ठेवायला आहे ते. त्या गाडीतही आहे."

"ते ठीक आहे गं. पण मग तुम्ही दोघी कुठे बसणार?"

थोरलीनं मागे बोट दाखवलं. "आता मागे सीट असते, बाबा," ती म्हणाली.

"मागे?" बाबांनी मान वळवून पाहिलं. म्हाताऱ्या मानेला ते जमलं नाही. "मागे बसलात तर मला दिसणार कशा?"

ते रागावून बोलले नाहीत. अगदी साधं विचारल्यासारखं विचारलं. नंतर त्यांनी किल्ली फिरवली. माझं इंजिन जागं झालं, आणि मित्रांनो, माझ्या अंगभर असा काही हुरूप आला की काय सांगू! "जरा फाटकाबाहेर एक चक्कर मारून येऊ का?" बाबांनी विचारलं.

"नाही काका. ही गाडी बाहेर न्यायची नाही, असा नियम आहे," साहेब म्हणाले.

बाबांनी क्लच दाबला. पहिला गिअर टाकला. तो हात इतका जाणता होता की माझ्या आत कुठे आवाजसुद्धा झाला नाही. मी तयार होते. नुसता पाय उचलायचा अवकाश होता. समोर फाटक उघडं होतं, त्याच्यापलीकडे रस्ता होता, रस्त्यावर माझ्यासारख्याच गाड्या धूळ उडवत चालल्या होत्या. बाबांनी गिअर परत काढून घेतला.

"जाऊ दे. पुन्हा कधीतरी," ते म्हणाले, आणि किल्ली फिरवली.

ते गेल्यावर साहेब थोरलीला म्हणाले, "बरं, भावनेचं सोडा. त्यांच्या गाडीतली खोट काय ती सांगा. जाहिरातीत वापरता येईल."

थोरली क्षणभर खाली मान घालून उभी राहिली. मला वाटलं, झालं, ही पुन्हा गप्प बसणार. पण तिनं मान वर केली.

"पडदा आपला मोठा आहे, साहेब. पण दार त्यांचं चांगलं आहे. आपलंही तसं होऊ शकलं असतं. माझ्या बहिणीनं इथेच, तुमच्यासमोर सांगितलं होतं. मला तेव्हाही ते पटलं होतं. बोलले नाही."

"तुम्ही कोणाच्या बाजूच्या आहात?" साहेबांचा आवाज चढला.

"जो दिवसभर आत बसतो, त्याच्या."

साहेब तणतणत निघून गेले. पुढे त्यांनी निम्मं ऐकलं. पडदा थोडा आखडला, दाराला उशी आली. शिवण मात्र बाहेरच राहिली. एवढंसुद्धा होईल असं मिस्त्रींना वाटलं नव्हतं. पण मला आठवतो तो बाबा येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशीचा दुपारचा प्रसंग. थोरली डबा घेऊन माझ्यात बसली, पण डबा उघडला नाही. फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी लावलाच. माझ्या केबिनमध्ये बाहेरचा आवाज येत नाही, इतकी ती घट्ट बांधलेली आहे. म्हणून पलीकडचा आवाजही मला स्पष्ट ऐकू आला. तोच तो, भराभर बोलणारा. पण या वेळी तो भराभर नव्हता.

"कोण?"

"मी."



"बाबा बरे आहेत ना?" पलीकडून घाबरून विचारलं.

"बरे आहेत. चिमणे, तुझी गाडी माझ्याकडे आहे."

"ठाऊक आहे. तुम्ही घेणारच. किती उघडलीत?"

"बाकी सगळी. दार नाही उघडू दिलं."

"का?"

"काल बाबांनी त्याच्यावर कोपर टेकवलं. तुझं नाव घेतलं त्यांनी. मी सांगितलं नव्हतं." थोरलीनं उशीवरून बोट फिरवलं. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं गं. आणि नंतर जे बोलले, ते बोलायला नको होतं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला.

"ताई, तू आत्ता कुठे बसली आहेस?"

"तुझ्याच गाडीत. रोज इथेच जेवते."

"अगं ए वेडे," धाकटी म्हणाली, आणि हसू की रडू ते तिलाच कळेना. "तुमची मागची गाडी आमच्या शेडमध्ये आहे. तुझ्या हातची. मीही डबा घेऊन तिच्यातच बसते. सगळे म्हणतात, हिला काय झालंय!"

त्या दिवशी दोघी डबा न उघडताच पोटभर बोलल्या. ठरलं एकच. रविवारी बाबांकडे दोघींनी एकदमच जायचं, पण कामाचा चकार शब्द काढायचा नाही. दोघींच्या कंपन्या वैरी, दोघींनी आपापल्या कंपनीचं मीठ खाल्लेलं. बाबांच्या घरात गाडीचा विषय निघाला की धाकटी म्हणे कानांत बोटं घालायची.

आणि तरी बघा काय झालं. पुढे दोन्ही कंपन्यांच्या नव्या पिकअप जवळजवळ एकदमच बाजारात आल्या. दोन्हींमध्ये मधल्या खणाचं झाकण उलटं फिरवलं की सीट होत होती, सुरक्षा पट्ट्यासकट. वर्तमानपत्रांत गहजब झाला: कोणी कोणाची नक्कल केली? साहेबांनी चौकशी बसवली. मिस्त्री माझ्याजवळ येऊन मिशीत हसले. कोणी कोणाची नक्कल केली नव्हती. दोघींनी 'तुम्ही दोघी कुठे बसणार?' हा एकच प्रश्न ऐकला होता: एकीनं आवारात, आणि दुसरीनं रविवारी, बाबांच्या तोंडून. दोघींनी आपापल्या जागी बसून, एकमेकींना न विचारता, त्याचं उत्तर शोधलं होतं.

बाबांना मात्र त्या सीटा बघायला मिळाल्या नाहीत. गाड्या बाजारात येण्याच्या थोडं आधीच ते गेले. थोरली त्यानंतर बरेच दिवस जेवायला आली नाही. आली, तेव्हा ड्रायव्हरच्या जागेवर न बसता शेजारच्या सीटवर बसली.

माझं काम संपलं होतं. अशा गाड्या चिरडून टाकायच्या, असा नियम असतो. थोरलीनं पुष्कळ खटपट करून मला एका कारागिरी शिकवणाऱ्या शाळेला देवविलं. मिस्त्रींनी माझा एकेक भाग परत जागेवर बसवला. दाराचा मात्र एकही स्क्रू त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. निघताना थोरलीनं रुमालानं माझी काच पुसली. ती स्वच्छच होती. मला पुन्हा एका ट्रकवर चढवलं.

आज मी त्या शाळेच्या छपराखाली उभी असते. मुलं-मुली माझी सीट काढतात, पुन्हा बसवतात, चुकतात, पुन्हा काढतात. मला त्याचं दुःख नाही. शिकणाऱ्यांचे हात गोड असतात. पण माझी टाकी कोरडी आहे. शाळेच्या मागे एक चढ आहे. संध्याकाळी भरलेल्या गाड्या तो चढताना गिअर बदलतात, त्यांचा आवाज इथवर येतो. कोणती दमली आहे, कोणती नवी आहे, कोणाचा ड्रायव्हर घाईत आहे, मला सगळं ओळखता येतं. असं वाटतं, त्यांच्यातल्या एखादीनं वळून एकदा मला विचारावं, काय गं, तू येत नाहीस?

मित्रांनो, तुमच्या दारात एखादी जुनी गाडी उभी असेल. तिच्यावर धूळ साचली असेल, हौद्यात पाचोळा पडला असेल. तिची चेष्टा करू नका, आणि फार जपूनही ठेवू नका. फडकं मारा, तेल-पाणी बघा, आणि काही काम नसलं तरी तिला जरा रस्त्यावर नेऊन आणा. जाताना ज्याच्याशी बरेच दिवस बोलला नाहीत, अशा कोणालातरी हाक मारा. गाडीला माणसं लागतात, मित्रांनो. बाकी सगळं कारखान्यात मिळतं.